डोकी आणि वजन

लाँगटनहून टपाल आलं की आधी वास यायचा:
ओल्या मातीचा, तंबाखूचा, एकदा चक्क कबुतरांच्या दाण्यांचा.
मी मतपत्रिका मोजणारी.
माझ्या तक्त्यात वासाला रकाना नव्हता.

थर्स्बी टाइल्स. एकशे अठरा वर्षं पेटती भट्टी.
बाजारात भाव एक पौंड चाळीस, देऊ केलेला दोन पौंड दहा.
संचालक मंडळ एकमताने शिफारस करते, असं पत्रक म्हणालं.
(त्यांना मिळणारा बोनस पान चौऱ्याऐंशीवर, बारीक अक्षरात.)

त्या दिवसापासून भागधारकांची वही पातळ होत गेली.
रोज सकाळी उघडावी तर कुणीतरी उठून गेलेलं.
ॲडा शफलबॉथम, विधवा, सातशे शेअर. विकले.
जॅबेझ टॉफ्ट, चकाकी देणारा, एकशे दहा. विकले.
आणि त्यांच्या जागेवर येऊन बसे एकच नाव,
नॉमिनी खातं अमुक,
ज्याला म्हातारपण नाही, खोकला नाही, स्वतःची सहीसुद्धा नाही.
हे कोण, विचारलं तर साहेब म्हणत, कुणाकुणाचं असतं.
दोन पौंड आठला घ्यायचं, दोन पौंड दहाला द्यायचं.
मधले दोन पेन्स, इतकंच त्यांचं टाइलशी नातं.

मी नावं ठेवत नाही.
शफलबॉथम बाईंचं छत गळत होतं
आणि ते दोन पेन्सवाल्यांनीच शाकारलं.

कायदा मात्र कुणा संशयी म्हाताऱ्याने लिहिला असावा.
तो म्हणतो, दोनदा मोजा.
एकदा वजन: शंभरात पंचाहत्तर हवेत.
एकदा डोकी: अर्ध्याहून अधिक.
दहा लाख शेअरवाल्याला एकच डोकं,
एका शेअरवाल्यालाही तेवढंच.

हे एनॉक ब्रिंडलीला कुणी सांगितलं, देव जाणे.
एकोणचाळीस वर्षं भट्टीवर, भुवया तिथेच ठेवून आलेला.
त्याने आपल्या तीनशेतले एकेचाळीस शेअर
कबुतर-क्लबात वाटले, माणशी एक,
लग्नाच्या केकचा तुकडा कागदात गुंडाळून द्यावा तसे.

एकेचाळीस पाकिटं एकाच दिवशी आली.
कुणाची हिरवी शाई, कुणाची पोस्टातून उसनी घेतलेली.
एकाने 'विरोधात'च्या चौकोनात
फुलीऐवजी पंख काढला होता. मी तो धरला.
साहेब म्हणाले, ही खरी माणसं आहेत का?
म्हटलं, पत्ते आहेत.
पत्ता नॉमिनीलाही आहे, म्हणाले.
त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून नाही.

सभा चर्चच्या हॉलमध्ये, चहा पातळ.
वजन: शंभरात एक्याऐंशी बाजूने.
डोकी: बाजूने दोनशे सहा,
विरोधात दोनशे तेवीस.
मी तीनदा मोजलं.
मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेतलेला माणूस हसला नाही,
कानातलं यंत्र चाचपत शेजाऱ्याला म्हणाला,
काय म्हणाले?

नऊ दिवसांनी खरेदीदारांनी वाट बदलली.
आता सभा नको, हॉल नको, डोकी नकोत.
अर्ध्याहून एक शेअर जास्त मिळाला की झालं,
आणि तो शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत मिळाला.
मग नव्वद टक्के. मग उरलेल्यांना सक्तीची पत्रं.
ती मीच पाठवली, तिकिटं लावून.

क्लबातल्या प्रत्येकाला दोन पौंड दहाचा चेक गेला.
तिघांनी वटवला.
अडतीस अजून बाहेर आहेत, कुठल्या खुराड्यावर टाचलेले, ठाऊक नाही.
दर तिमाहीला माझ्या ताळ्यात ती ओळ येते:
न वटलेले, एकोणऐंशी पौंड ऐंशी.
बारा वर्षं सांभाळायचे, असा नियम.
माझी निवृत्ती पाच वर्षांवर आली.
नव्या मुलीला परवा सगळं समजावून दिलं.
या ओळीपाशी ती थांबली, म्हणाली,
एवढ्याशा रकमेला स्वतंत्र खातं?